काचेतल्या प्रवाळभिंतीची बैठक

समुद्रातली प्रवाळभिंत कोणी रचलेली नसते. वरच्या पातळ थरात जिवंत प्रवाळ वाढतात, खालचे मरतात, लाटा त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे फटींत जाऊन अडकतात. इथपर्यंत तो नुसता ढिगारा असतो. त्याची भिंत होते ती सांधणाऱ्या जिवांमुळे. आधी स्पंज येतात. ते तुकड्याला तुकडा धरून ठेवतात, म्हणजे निदान प्रवाहाने ते लोळत नाहीत. मग गुलाबी-जांभळ्या रंगाची कोरलाइन शेवाळे त्या थांबलेल्या तुकड्यांवर चुन्याचे टणक कवच चढवतात आणि सांधे कायमचे बुजवतात. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभिंतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कीलिंग बेटांच्या बाहेरच्या कडेवर, जिथे लाटांचा मारा सर्वांत जोराचा असतो नेमक्या तिथे, या चुनखडी शेवाळांचा जाड थर असल्याची नोंद त्याने त्यात केली आहे. कडा टिकते ती या थरामुळे.

सांधणारे जीव हरले की काय होते, हे इंडोनेशियात दिसते. तिथे स्फोटके टाकून मासेमारी झाली आणि मैलोन्‌मैल प्रवाळांचा चुरा झाला. त्या चुऱ्यावर प्रवाळांची पिल्ले येऊन बसतात, पण प्रवाह तुकडे उलटेपालटे करतो आणि पिल्ले घासून किंवा गाडली जाऊन मरतात. पाणी स्वच्छ, ऊन भरपूर, बीजही येते, तरी भिंत पुन्हा उभी राहत नाही. कोमोडो राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी अशा चुऱ्यावर मोठ्या दगडांचे ढीग टाकून पाहिले. दगड हलत नव्हते, म्हणून त्यांच्यावर प्रवाळ धरले. सुलावेसीच्या किनाऱ्यालगत वाळूचा लेप दिलेल्या षट्कोनी लोखंडी चौकटी एकमेकींना बांधून हेच साधले जाते. प्रवाळाला प्रकाश लागतो, प्रवाह लागतो, पाण्यात कॅल्शियम लागते. पण या सगळ्याआधी पायाखालचा दगड स्थिर असावा लागतो.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड आपण लावतो. स्पंज आणि शेवाळांना सांधे बुजवायला लागणारा काळ आपल्यापाशी नसतो, आणि टाकीतल्या कोरलाइन शेवाळाचा थर वजनदार दगडांना एकत्र धरण्याइतका जाड कधीतरी होईल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून समुद्रात जे काम जीव करतात, ते इथे रचणाऱ्याच्या हातांना करावे लागते. या छंदातल्या बाकीच्या चुका बहुतेक दुरुस्त होतात. खारटपणा कमीजास्त झाला तर हळूहळू सावरता येतो, प्रकाश बदलता येतो. पण प्रवाळांनी भरलेली रचना दोन वर्षांनी कोसळली, तर त्या एका रात्रीत होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून या प्रकरणात मी दगडाच्या सौंदर्याबद्दल थोडे आणि त्याच्या बैठकीबद्दल बरेच लिहिणार आहे.

टाकीत दगड मुळात हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाऱ्या पाण्याच्या टाकीत मृत प्रवाळांचे पांढरे सांगाडे शोभेला ठेवत आणि पाणी स्वच्छ ठेवायला वेगळी गाळणी लावत. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट दाखवली. समुद्रातून आणलेले जिवंत दगड, समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले. पुढे युरोपात पीटर विल्केन्स, डीट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या सोबत्यांनी या विचाराला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसावाटे पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. ती पद्धत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिचा गाभा हा की दगड हीच गाळणी. सच्छिद्र चुनखडी दगडाच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन वापरणारे जिवाणू माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन वायुरूपात मोकळा करतात. दगडाभोवती पाणी खेळते राहिले तरच हे काम चालते. त्यामुळे दगड घट्ट ठासून भिंत उभी केली तर ती पडणार नाही, पण गाळणीही चालणार नाही. रचना पक्की हवी आणि पोकळही हवी. सगळी अडचण इथेच आहे.

पूर्वी लिटरमागे साधारण १२० ते २४० ग्रॅम दगड असा ठोकताळा होता. १२० × ५० × ५० सेंटीमीटरच्या, म्हणजे ३०० लिटरच्या टाकीला तो ३६ ते ७२ किलो होतो. मला हे वरचे टोक अनाठायी वाटते. दगड जितके जास्त, तितके सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा ही निसटण्याची एक जागा. चांगला सच्छिद्र दगड याहून बराच कमी लावूनही टाकी उत्तम चालते. माशांना पोहायला जागा उरते ती वेगळीच.

आता वजनाकडे येऊ, कारण पाण्यातले वजन माणसाला फसवते. चुनखडी दगडाचा भरीव भाग पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो. कोरडा असताना १० किलो भरणारा दगड समुद्राच्या पाण्यात बुडवला, छिद्रांत पाणी भरले, की तो जवळजवळ ३.८ किलो पाणी बाजूला सारतो आणि त्याचे भासमान वजन ६.२ किलोवर येते. हाताला हे सुखाचे वाटते. पण दगड दगडावर टिकतो तो घर्षणावर, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात असते. बाहेर टेबलावर जी रचना पक्की वाटली, तिची पकड पाण्यात जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. त्यात काही आठवड्यांत दगडांवर जिवाणूंचा आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि पकड आणखी घटते. म्हणून कोरड्यात ‘जेमतेम’ उभी राहणारी रचना नापास समजावी.

उलट बाजूही आहे, आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. पाणीबदलाच्या वेळी टाकीतले पाणी खाली गेले की वरचे दगड उघडे पडतात. त्यांना मिळणारा पाण्याचा आधार जातो आणि ६.२ किलोचा दगड पुन्हा १० किलोचा होतो. छिद्रांत अडकलेले पाणी धरले तर त्याहून जड. खालच्या दगडांवरचा भार अचानक वाढतो, तोही फक्त वरच्या टोकाकडून. वर्षभर न हललेली रचना पाणी उपसताना सरकते याचे कारण हे आहे. पाणी एकदम खाली नेऊ नये, आणि नेताना हात रचनेपासून लांब ठेवावा.

काचेला किती सोसते? काच दाबाला दणकट आणि ताणाला कमकुवत असते. शिवाय तिच्यावरचा छोटा ओरखडासुद्धा तडा सुरू व्हायला पुरतो. ५० सेंटीमीटर उंच खाऱ्या पाण्याचा तळावरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५१ ग्रॅम असतो, आणि तो सगळीकडे सारखा असतो. तोच आपला १० किलोचा दगड एका चौरस सेंटीमीटरच्या टोकावर उभा राहिला, तर त्या जागी दाब ६.२ किलो होतो. म्हणजे पाण्याच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट, तोही एका ठिपक्यावर. दगड आणि काच यांच्यामध्ये वाळूचा एखादा टणक कण सापडला तर तो ठिपका आणखी लहान होतो. अलगद ठेवलेला दगड जाड काच बहुधा सोसते. तोच दगड २० सेंटीमीटरवरून निसटून टोकावर आदळला तर सोसेलच असे नाही. कारखान्यात तयार झालेल्या काही टाक्यांचा तळ टफन्ड काचेचा असतो. ती काच साध्या काचेपेक्षा मजबूत असते, पण फुटली की एका तड्यावर थांबत नाही, संपूर्ण तळाचे तुकडे होतात.

उपाय सोपा आहे: दगडाचे टोक आणि काच यांची थेट भेट होऊ द्यायची नाही. तळाच्या दगडांची खालची बाजू छिन्नीने किंवा ग्राइंडरने सपाट करून घ्यावी. काचेवर पाच-सहा मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिकची पट्टी किंवा पाण्यात न कुजणाऱ्या टणक प्लास्टिकचा पत्रा घालावा आणि पहिला थर त्यावर बसवावा. काहीजण ट्यूबलाइटच्या पेटीवर असते तशी चौकोनी जाळी घालतात. ती चालते, पण तिच्या घरांत घाण साचते, म्हणून मला पत्रा बरा वाटतो. पत्र्याचा आणखी एक फायदा पुढे कमानीच्या वेळी दिसेल.

इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. ३०० लिटरची टाकी पाणी, काच, दगड, वाळू आणि स्टँड धरून साडेचारशे किलोच्या आसपास जाते, आणि हा सगळा भार अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर येतो. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून आखतात. टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावी. टाकी याहून मोठी घ्यायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवावी.

वाळू आधी की दगड आधी? दगड आधी. वाळूवर दगड ठेवला की तो छान बसल्यासारखा वाटतो, कारण वाळू त्याच्या आकाराप्रमाणे सरकून त्याला जागा करून देते. पण जी वाळू सरकून जागा देते, तीच सरकून जागा काढूनही घेते. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीतले पाणी ढवळत ठेवणाऱ्या पंपाचा, झोत वाळू एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्यात टाकतो. आणि जनावरे तर वाळू उपसण्यासाठीच जन्माला आलेली. पिस्टल कोळंबी आणि गोबी मासा यांची जोडी प्रसिद्ध आहे: कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. बिळाला छप्पर लागते, म्हणून ही जोडी खणायला सुरुवात करते ती नेमकी दगडाच्या खालून. इंजिनिअर गोबी नावाने विकला जाणारा पट्ट्यापट्ट्यांचा मासा वाढला की एक फुटाहून लांब होतो आणि दगडांखाली बोगद्यांचे जाळे करतो. जॉफिश तोंडाने वाळू आणि खडे काढून उभी विहीर पाडतो. डायमंड गोबी वाळू तोंडात घेऊन चाळतो आणि कल्ल्यांतून सोडतो. त्याने दगडाच्या एका बाजूची वाळू दुसऱ्या बाजूला नेल्याचे महिन्याभरात डोळ्यांना दिसते. ही जनावरे ठेवू नयेत असे मी म्हणणार नाही, ती पाहण्यातच या छंदाचा मोठा आनंद आहे. दगड तळावर टेकलेला असला की त्यांनी कितीही खणले तरी बिघडत नाही. पाया पत्र्यावर, वाळू नंतर भोवतीने ओतायची, हा क्रम मोडू नये.

वाळूवरच्या जनावरांइतकीच दगडांवरचीही धोक्याची. मोठा टर्बो शंख रात्री वर चढतो आणि सैल तुकडा ढकलून देतो. अर्चिन दोन दगडांच्या फटीत अंग घालून काट्यांचा टेकू देतो आणि पुढे सरकतो. त्याची ताकद त्याच्या आकारावरून कळत नाही. शंखात राहणारे खेकडे, मोठे टँग मासे, झोपायची जागा शोधणारा रॅबिटफिश, सगळे रचनेला धक्के देत असतात. त्यामुळे वरच्या थरातला दगड बोटाने ढकलून हलत असेल तर तो कधीतरी पडणारच, असे धरून चालावे.

आता प्रत्यक्ष रचना. कोकणात ज्यांनी जांभ्याच्या किंवा काळ्या दगडांचा गडगा रचताना पाहिला आहे, त्यांना निम्मे शिक्षण मिळालेले आहे. गडग्यात चुना नाही, सिमेंट नाही, आणि तो पावसाळ्यामागून पावसाळे उभा राहतो. गडगा घालणारा माणूस दगड उचलला की लगेच ठेवत नाही. हातात फिरवून त्याचे बूड कुठले, तोंड कुठले ते बघतो. मोठे आणि जड खाली. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर येईल असा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. दगड डुगडुगला तर खाली चीप मारतो, आणि ती चीप अशी अडकवतो की वरचे वजन तिला आणखी घट्ट करते. टाकीतही हेच करायचे. फरक एवढाच की गडग्याला फटी कमी हव्यात आणि आपल्याला जास्त, त्यामुळे प्रत्येक दगडाचे टेकण्याचे बिंदू मोजून बघावे लागतात.

एका दगडाला तीन बिंदूंचा आधार पुरतो. तीन पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही ते याच कारणाने. हे तीन बिंदू एकमेकांपासून शक्य तितके लांब असावेत आणि दगडाचा गुरुत्वमध्य त्यांनी झालेल्या त्रिकोणाच्या आत यावा. गुरुत्वमध्य शोधायला गणित लागत नाही: दगड एका बोटावर किंवा पाईपच्या तुकड्यावर तोलून पाहिला की कळतो. बाहेर झुकणारा छज्जा करायचा असेल तर झुकलेल्या भागाहून जास्त वजन मागे हवे, आणि मागच्या भागावर आणखी एक दगड दाबून बसवावा. छज्ज्यावर लावलेला प्रवाळ वाढणार आहे, हेही आजच हिशेबात घ्यावे. फांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ अनुकूल पाण्यात वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा अधिकही वाढतात. त्यांचे वजन नेमके बाहेरच्या टोकावर पडते आणि झोताचा जोर पकडायला फांद्यांचा पसारा तयार होतो.

कमान सगळ्यांना हवी असते, आणि माशांनाही ती आवडते. पण कमानीचे पाय नेहमी बाहेर सरकू पाहतात. काचेसारख्या गुळगुळीत तळावर त्यांना रोखायला काहीच नसते. इथे तो पत्रा कामाला येतो: दोन्ही पाय एकाच पत्र्यावर पक्के केले की बाहेरचा जोर पत्रा घेतो. नाहीतर पायांच्या बाहेरच्या अंगाला जड दगड टेकवून ठेवावेत.

रचना कधीही थेट टाकीत सुरू करू नये. खोक्याच्या पुठ्ठ्यावर टाकीच्या तळाचे माप आखावे, मागच्या आणि बाजूच्या काचांपासून पाच ते आठ सेंटीमीटर आत दुसरी रेघ मारावी, आणि त्या आतल्या रेघेत सगळे दगड लावून पाहावेत. ती मोकळी पट्टी काच पुसायला, मागून पाणी फिरायला आणि घाण बाहेर यायला लागते. मागच्या काचेला टेकवून उभी केलेली रचना हा सोपा मार्ग आहे, पण तिथे घाण साचते, आणि काचेला बाजूने रेटा मिळतो तो वेगळा. उंचीच्या बाबतीत पाण्याच्या पृष्ठभागापासून निदान एक तृतीयांश अंतर मोकळे ठेवावे. प्रवाळांना वर वाढायला जागा लागते.

आता गोंदाकडे. माझे ठाम मत आहे की गोंद लावण्यापूर्वी रचना गोंदाशिवाय उभी राहिली पाहिजे. उभ्या असलेल्या रचनेला धक्क्यापासून वाचवणे हे गोंदाचे काम. जी रचना मुळात तोलच धरत नाही, तिला गोंदाने टांगून ठेवले तर निकाल फक्त लांबणीवर पडतो.

साधनांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ साली हॅरी कूव्हर यांच्या चमूला बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना तो सापडला, आणि हाताला लागेल त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. तो ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून टाकीत उपयोगी. जेलच्या रूपातला घ्यावा, पातळ नको. पण तो कडक आणि ठिसूळ असतो: सरळ ओढ सोसतो, बाजूचा धक्का किंवा पीळ सोसत नाही. धुळीने माखलेल्या सच्छिद्र दगडावर तो धुळीलाच चिकटतो. दगड ब्रशने धुऊन, वाळवून घ्यावेत. जेलवर दगडाची कोरडी भुकटी टाकली की जोड क्षणात दगडासारखा होतो आणि खाचाही भरतात. हल्ली हवेत तरंगल्यासारख्या दिसणाऱ्या नाजूक रचना याच युक्तीवर उभ्या असतात. काहीजण कापूस भरून त्यावर गोंद सोडतात. कापसाशी गाठ पडली की सायनोअ‍ॅक्रिलेट चांगलाच तापतो, बोटे भाजू शकतात आणि धूर डोळ्यांत जातो. खिडकी उघडी ठेवून, चष्मा लावूनच हे करावे.

दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी ही गोंदापेक्षा लांबीसारखी समजावी. ओल्या दगडाला ती फारशी चिकटत नाही, पण खाचेत भरून घट्ट झाली की दगडाला त्या जागेतून निघू देत नाही. त्यामुळे दगड, जेल, पुट्टी, पुन्हा जेल, मग दुसरा दगड असा जोड करतात, आणि तो दोघांच्या स्वतंत्र जोडापेक्षा पक्का होतो. मत्स्यालयासाठी म्हणून विकली जाणारी पुट्टीच घ्यावी. नळदुरुस्तीच्या पुट्टीत काय काय असते ते वेष्टनावर लिहिलेले नसते. पुट्टी एकदम जास्त वापरली तर प्रोटीन स्किमर दिवसभर फेसाळून ओसंडतो, हे माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही.

मोठ्या दगडांसाठी मात्र मी सळईच सुचवीन. दोन्ही दगडांत मेसनरी बिटने सहा-आठ मिलिमीटर व्यासाचे, तीन-चार सेंटीमीटर खोल भोक पाडावे, त्यात अ‍ॅक्रिलिकची किंवा फायबरग्लासची सळई बसवावी आणि मग फटी पुट्टीने भराव्यात. बाजूचा धक्का सळई घेते, गोंदावर येत नाही. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये. खाऱ्या पाण्यात तेही गंजते. भोक पाडताना दगड वाळूच्या पिशवीवर ठेवावा, हातात धरू नये. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. सिमेंटनेही सांधे भरता येतात, पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा पीएच खूप चढतो. सिमेंटची रचना टाकीबाहेर काही आठवडे पाण्यात ठेवावी, पाणी बदलत राहावे आणि पीएच स्थिरावल्याची खात्री झाल्यावरच आत घ्यावी.

सगळे दगड एकत्र चिकटवून एकच अखंड डोंगर करण्याचा मोह होतो. करू नये. एखादा मासा आजारी पडला आणि त्याला पकडायचे झाले, दगडावर नको असलेले ऐप्टेझिया अ‍ॅनिमोन पसरले, तर तो डोंगर बाहेर काढता येत नाही. ३०० लिटरच्या टाकीला दोन किंवा तीन वेगळी बेटे चांगली. प्रत्येक बेट स्वतःपुरते पक्के, दोन हातांनी उचलता येईल एवढे, आणि बेटांमध्ये हात जाईल एवढी वाट. या वाटेतून झोतही फिरतो आणि एका बेटावरच्या प्रवाळांचे दंश करणारे तंतू दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. हीटर दगडांमध्ये खुपसू नये, तो सम्पमध्ये, म्हणजे उपकरणांच्या वेगळ्या टाकीत, असावा. निसटलेल्या दगडाने काचेचा हीटर फुटला तर विजेचा धोका थेट हाताशी येतो. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळी उपकरणे बंद करण्याची सवय यासाठीच हवी.

दगड कुठला घ्यावा, हा प्रश्न भारतात फक्त आवडीचा नाही. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असोत वा मेलेले, किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून ते उचलणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रापाशी प्रवाळांची दौलत मोजकी आहे: १९८७ साली अभयारण्य झालेला मालवणचा समुद्र, आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक. तिथला एकही तुकडा कोणाच्या दिवाणखान्यात येता कामा नये. अमेरिकेत फ्लोरिडानेही समुद्रातले जिवंत दगड काढणे १९८९ मध्ये राज्याच्या हद्दीत थांबवले. पुढे तिथे खाणीतला चुनखडी दगड समुद्राच्या तळावर ठरावीक जागी ठेवून त्यावर जीव धरू देतात आणि मग तो विकतात. आपल्याकडे सिरॅमिकचे किंवा सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा घालून केलेले कृत्रिम दगड हा सरळ मार्ग आहे. ते सुरुवातीला निर्जीव असतात, जिवाणू धरायला काही आठवडे ते महिने लागतात, पण एक मोठी सोय अशी की हवे तसे सपाट बूड असलेले दगड बनवून घेता येतात. हलक्या मिश्रणाचे काही दगड मात्र पाण्यात तरंगू पाहतात. विकत घेण्यापूर्वी बादलीत बुडवून पाहावेत. किनाऱ्यावरचा काळा बेसाल्ट भरीव असतो, त्याला जिवाणूंसाठी छिद्रे फारशी नसतात. जांभा लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो आणि झिजतो. दोन्ही या टाकीत नकोत.

परदेशात राहणाऱ्या आणि तिथे कायदेशीररीत्या जिवंत दगड विकत घेणाऱ्या वाचकांना एकच ताकीद: तो दगड निर्जंतुक करायला कधीही उकळू नका. दगडावर झोअँथिड जातीचे मऊ जीव असू शकतात आणि त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. उकळल्याने किंवा वाफेच्या झोताने ते हवेत पसरते, आणि त्यातून घरातली माणसे व कुत्री-मांजरी गंभीर आजारी पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे घालूनच असे दगड हाताळा.

रचना झाली, जोड सुकले, बेटे टाकीत गेली की आधी फक्त पाणी भरावे, वाळू नाही. वेव्हमेकर पूर्ण जोरावर सोडावेत आणि दोन-तीन दिवस तसेच ठेवावेत. मग प्रत्येक बेट चारही बाजूंनी, वरच्या टोकापाशी, तळहाताने ढकलून पाहावे. कुठे टक्‌ असा आवाज आला, कुठे दगड केसभर जरी हलला, तर पाणी उपसून ते बेट बाहेर काढावे आणि त्याची बैठक पुन्हा करावी. हा खटाटोप नकोसा वाटतो, पण तो याच वेळी करा. एकदा प्रवाळ लावले आणि मासे राहायला आले की त्यानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीत त्यांतले काही मरतात.